वाचकांचे प्रश्न : विजेवरची गाडी आणि सर्व्हिस सेंटरचे हेलपाटे

या वेळच्या पत्रांमध्ये गाड्या वेगवेगळ्या आहेत, गावं वेगवेगळी आहेत, पण सर्व्हिस सेंटरचं उत्तर बऱ्याचदा एकच आहे : ‘आम्ही तपासली, काही फॉल्ट नाही.’ म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर दिलं आहे. इतर वाचकांनीही ते आधी वाचावं.

प्रश्न : कसारा घाट चढताना गाडीची ताकद अचानक निम्म्यावर येते आणि कासवाची खूण दिसते. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की ठीक होते. तीनदा दाखवली. तिन्ही वेळा ‘रोड टेस्ट ओके’ असं लिहून परत दिली. आता काय करावं? (नाशिक)

उत्तर : पहिला संशय बॅटरीतल्या एखाद्या कमकुवत सेलवर घ्यायला हवा. तुमची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर ३२० व्होल्टच्या पॅकमध्ये ३.२ व्होल्टचे शंभर सेल एकापुढे एक जोडलेले असतात. चढावर मोटर जास्त करंट ओढते, तेव्हा सगळ्यांत अशक्त सेलचा व्होल्टेज आधी कोसळतो आणि त्याला वाचवण्यासाठी बॅटरीचा कंट्रोलर संपूर्ण गाडीची ताकद कमी करतो. चार्ज ७०-८० टक्के असताना सपाट रस्त्यावर हा दोष दिसतच नाही. वर्कशॉपची रोड टेस्ट मात्र नेमकी तशीच होते : भरलेली बॅटरी, तीन-चार किलोमीटर, सपाट रस्ता. सेलखेरीज कूलंटचा पंप अधूनमधून बंद पडणं, तापमानाच्या सेन्सरचं चुकीचं रीडिंग, हाय व्होल्टेज कनेक्टर सैल असणं हीही कारणं असू शकतात. पण ही सगळी कारणं उघडी पडतात ती भार आल्यावरच.

म्हणून गाडी देताना ती ३० टक्के चार्जवर द्या आणि जॉब कार्डवर (गाडी घेताना वर्कशॉप तक्रार लिहितं तो कागद) ‘ग्राहकासोबत चढावर जॉइंट रोड टेस्ट, स्कॅनर जोडून लाइव्ह डेटा रेकॉर्ड करणे’ असं लिहून घ्या. स्कॅनर म्हणजे गाडीतल्या कंट्रोलरची माहिती वाचणारं यंत्र. टेस्टच्या वेळी त्याच्या स्क्रीनवर दोन आकडे बघायचे : सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी सेल व्होल्टेज. गाडी उभी असताना त्यांच्यात १०-२० मिलीव्होल्टचा फरक असेल तर चिंता नाही. चढावर मात्र बाकीचे सेल ३.१ वर असताना एकच सेल २.७-२.८ पर्यंत उतरत असेल, तर दोष सापडला. त्या क्षणाचा फोटो घ्या.

कासव दिसलं की गाडी सुरक्षित जागी घ्या आणि बंद करण्याआधी डॅशबोर्डचा फोटो काढा. त्यात ओडोमीटर, चार्जची टक्केवारी आणि वॉर्निंग हे तिन्ही आलं पाहिजे. बाहेरचं तापमान, वेग, एसी चालू होता का, हे लगेच लिहून ठेवा. बिघाडाचा जो फॉल्ट कोड नोंदला जातो त्यासोबत त्या क्षणाची बरीचशी माहिती गाडी स्वतः साठवून ठेवते. स्कॅनरवर ‘क्लिअर’ दाबलं की ती पुसली जाते. म्हणून ‘कोड पुसण्यापूर्वी प्रिंट काढून ग्राहकाला देणे’ हीही ओळ जॉब कार्डवर हवी. गाडीला जोडून मोबाइलवर कोड दाखवणारा, बाजारात मिळणारा ब्लूटूथ डोंगल कामाचा आहे, पण सगळ्या गाड्या त्याला पूर्ण माहिती देत नाहीत. तो वाचण्यापुरताच वापरावा, त्यातून कोड कधीही पुसू नयेत. काम झालं की काढून ठेवावा, नाहीतर १२ व्होल्टची बॅटरी उतरते.

‘फॉल्ट नाही’ हे उत्तर इतक्या सहज का येतं, हेही समजून घ्यायला हवं. डीलर आणि कंपनी हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. वॉरंटीतल्या कामासाठी कंपनी डीलरला ठरावीक तासांची मजुरी देते. दोष शोधण्यात मेकॅनिकचा अख्खा दिवस गेला तर त्याचे पैसे सहसा मिळत नाहीत. शिवाय हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेले तंत्रज्ञ वर्कशॉपमध्ये एक-दोनच असतात. बॅटरीचं मॉड्यूल, म्हणजे सेलचा गट, बदलायचं की नाही हे डीलर ठरवत नाही. स्कॅनरमधला लॉग कंपनीच्या तांत्रिक विभागाकडे जातो आणि मंजुरी तिथून येते. समोरच्या सर्व्हिस अॅडव्हायझरवर चिडून ती मंजुरी येत नाही. कंपनीच्या टेबलावर पोचणारा कागद पक्का करणं तुमच्या हातात आहे. ‘कंपनीकडे टेक्निकल केस उघडली आहे का? तिचा नंबर द्या’ असं विचारा. नंबर मिळाला नाही, तर केस उघडलेली नाही असं समजा.

तक्रारीचे शब्दही प्रत्येक वेळी तेच ठेवा. एकदा ‘पिकअप कमी’, एकदा ‘गाडी झटका देते’ असं लिहिलं की कंपनीच्या नोंदीत त्या दोन वेगळ्या तक्रारी होतात. तेच शब्द तिसऱ्यांदा आले तर तो ‘रिपीट जॉब’ ठरतो आणि त्याकडे कंपनी वेगळ्या नजरेनं बघते. तुमची तीन जॉब कार्डं काढा, तिन्हींचे नंबर आणि तारखा टाकून कंपनीच्या ग्राहक विभागाला एक ईमेल करा आणि पुढचा पत्रव्यवहार त्याच ईमेलच्या उत्तरात ठेवा. ‘सॉफ्टवेअर अपडेट केलं’ असं सांगण्यात आलं, तर आधीचं आणि नंतरचं व्हर्जन बिलावर लिहून घ्या.

प्रश्न : घरी रात्री चार्जिंगला लावलेली गाडी दीड-दोन तासांनी आपोआप थांबते. सर्व्हिस सेंटर म्हणतं घरचं अर्थिंग खराब, वायरमन म्हणतो गाडी खराब. (औसा, जि. लातूर)

उत्तर : हा वाद मल्टिमीटरनं अर्ध्या तासात मिटतो. वायरमनला चार्जिंगच्याच सॉकेटवर तीन मापं घ्यायला सांगा : फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. मापं दोनदा घ्यायची, एकदा भार नसताना आणि एकदा त्याच लाइनवर गिझरसारखा मोठा भार चालू असताना. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ यांचे आकडे जवळपास सारखे हवेत. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. भारावर तो पाचाच्या वर गेला किंवा फेज-अर्थचा आकडा बराच कमी आला, तर दोष घराकडचा.

मराठवाड्यात मार्चनंतर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, ही नेहमीची गोष्ट आहे. खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओतून दुसऱ्या दिवशी मापं पुन्हा घ्या. आकडा सुधारला तर कोळसा-मीठ बदलून खड्डा नव्यानं भरून घ्यावा लागेल. अर्थचा रेझिस्टन्स ५ ओहमच्या आत आणायचा.

पण चार्जिंग सुरू होऊन दीड-दोन तासांनी थांबतं, या तपशिलावरून आम्हाला उष्णतेचाही संशय येतो. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून १४-१५ अँपिअर करंट सलग आठ तास जातो. इस्त्री किंवा मोटर इतका वेळ कधीच चालत नाही. सॉकेटच्या मागचा स्क्रू जरा सैल असला तरी तिथं उष्णता साठते, आणि प्लगमध्ये तापमानाचा सेन्सर असेल तर तो चार्जिंग तोडतो. प्लगच्या पिना काळ्या किंवा सॉकेटची भोकं तपकिरी झाली आहेत का ते बघा. चार्जिंगसाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन हवी : ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला तर लाइन तोडणारा स्विच), ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला तर लाइन तोडणारा स्विच) आणि निळा इंडस्ट्रियल सॉकेट. फ्रिज-पंखे चालणाऱ्या लाइनवर गाडी लावू नका.

तिसरी शक्यता व्होल्टेजची. घरगुती पुरवठा २३० व्होल्टच्या ६ टक्के खाली-वर, म्हणजे साधारण २१६ ते २४४ मध्ये राहायला हवा. गावाकडच्या फीडरवर संध्याकाळी तो १८० पर्यंत उतरतो आणि मध्यरात्री भार हटला की २५५ च्या वर चढतो. दोन्ही टोकांना गाडीतला चार्जर स्वतःला बंद करून घेतो. चार्जिंग थांबल्याच्या क्षणी व्होल्टेज किती होता, ते दोन रात्री लिहा. आकडे या मर्यादेबाहेर असतील तर महावितरणकडे लेखी तक्रार करा.

आता गाडीची बाजू. तुमचाच पोर्टेबल चार्जर घेऊन जा आणि वर्कशॉपमध्ये त्यांच्या सॉकेटवर गाडी सलग चार तास लावायला सांगा. दहा मिनिटं लावून ‘चार्जिंग होतंय’ म्हणणं पुरेसं नाही. तिथंही थांबली तर तोच प्रयोग वर्कशॉपच्या चार्जरनं करायचा. दुसऱ्या चार्जरनं नीट चालली तर दोष पोर्टेबल चार्जरचा, तरीही थांबली तर गाडीतल्या ऑनबोर्ड चार्जरचा. दोन्ही भाग सहसा वॉरंटीत असतात, पण मुदत वेगवेगळी असू शकते, पुस्तिका बघा.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. चार्जरवरचा अर्थिंगचा लाल दिवा घालवण्यासाठी न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले ‘डमी अर्थिंग’चे प्लग बाजारात मिळतात. ते अजिबात वापरू नका. न्यूट्रल कुठंही तुटला की गाडीच्या पत्र्यात फेज उतरतो, आणि ओल्या अंगणात गाडीला हात लावणारं लहान मूलही असू शकतं.

प्रश्न : नवीन असताना २२० किलोमीटर जायची, आता १७० वर आली. ‘तुमच्या चालवण्यामुळे’ एवढंच उत्तर मिळतं. बॅटरी खराब झाली हे सिद्ध कसं करायचं? (ठाणे)

उत्तर : किलोमीटरवर वाद घालू नका, युनिटवर घाला. डॅशबोर्डवरचे किलोमीटर हा मागच्या प्रवासावरून केलेला अंदाज असतो. टायरची हवा, एसी, पाऊस, घोडबंदर रोडवरची रांग, सगळं त्यात मिसळतं.

आधी दोन-तीन वेळा स्लो चार्जिंगवर १०० टक्के भरा आणि भरल्यावरही दोन तास प्लग तसाच राहू द्या. एलएफपी सेलचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतो, त्यामुळे बरेच दिवस पूर्ण चार्ज केलं नाही तर कंट्रोलरचा हिशेब चुकत जातो. काही गाड्यांची तक्रार एवढ्यानंच मिटते. मिटली नाही तर गाडी १० टक्क्यांपर्यंत उतरवा, तासभर उभी ठेवा, मग सबमीटर लावलेल्या लाइनवर एका दमात १०० टक्के भरा आणि मीटरवर किती युनिट आली ते लिहा.

हिशेब असा. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी साधारण ८८ टक्के बॅटरीत पोचते, बाकीची चार्जरमध्ये उष्णता होऊन जाते. समजा बॅटरी ३० युनिटांची आहे आणि मीटरवर ३०.७ युनिट आली. त्याला ०.८८ नं गुणलं की २७ येतात. ९० टक्क्यांसाठी २७, म्हणजे पूर्ण बॅटरी ३० युनिटांची, शाबूत. पण मीटरवर २४.५ च आली तर बॅटरीत २१.६ गेली, म्हणजे पूर्ण क्षमता २४, मूळच्या ८० टक्के. ८८ चा आकडा गाडीनुसार थोडा बदलतो, आणि जाहिरातीतली क्षमता व प्रत्यक्ष वापरता येणारी क्षमता यांत फरक असू शकतो. त्यामुळे शक्य असेल तर त्याच मॉडेलच्या नव्या गाडीवर हाच प्रयोग करून तुलना करा.

हा कागद घेऊन वर्कशॉपकडे बॅटरीच्या ‘स्टेट ऑफ हेल्थ’ची, म्हणजे उरलेल्या क्षमतेची, प्रिंट मागा. आपल्याकडे बॅटरीची वॉरंटी बहुधा ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी पूर्ण होईल तोवर असते. मात्र क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर दावा मान्य होतो, हे पुस्तिकेत शोधून त्या ओळीवर खूण करा. ती ओळ दाखवल्याशिवाय बोलणं पुढं सरकत नाही.

प्रश्न : पुराच्या पाण्यात गाडी दोन रात्री उभी होती. वर्कशॉपनं बॅटरी न उघडताच ‘पूर्ण पॅक बदलावा लागेल’ असं सांगून लाखांचा आकडा दिला. (कोल्हापूर)

उत्तर : गाडी अजून चालू केली नसेल तर करू नका, चार्जिंगला लावू नका, आणि घरापासून पंधरा मीटर तरी लांब उघड्यावर ठेवा. हलवायची तर चारही चाकं उचलून, फ्लॅटबेडवरूनच. चाकं फिरवत ओढली तर मोटर वीज तयार करते.

बहुतेक पॅकवर आयपी६७ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ स्वच्छ पाण्यात एक मीटर खोल, तीस मिनिटं. पंचगंगेच्या गढूळ पाण्यातल्या दोन रात्री त्या चाचणीच्या फार पलीकडच्या आहेत, तेव्हा पॅकमध्ये पाणी शिरलेलं असणं अगदी शक्य आहे. पण ‘शक्य आहे’ आणि ‘मोजलं आहे’ यांत लाखांचा फरक पडतो. पुरानंतर बहुधा पी०एए६ हा कोड येतो. त्याचा अर्थ एवढाच, की हाय व्होल्टेजच्या जाळ्यात कुठंतरी इन्सुलेशन (वीज गाडीच्या पत्र्यात गळू न देणारा अटकाव) कमी झालं आहे. कुठं, ते तो कोड सांगत नाही. पाणी एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये, हीटरमध्ये, ऑनबोर्ड चार्जरमध्ये किंवा नुसतं एखाद्या कनेक्टरमध्येही असू शकतं.

म्हणून लेखी मागणी अशी करा : पॅकपासून इतर सर्व भाग वेगळे करून फक्त पॅकचं इन्सुलेशन मोजावं, मग एकेक भाग मोजावा, आणि प्रत्येकाचं रीडिंग द्यावं. सुरक्षिततेची किमान पातळी डीसी बाजूला प्रत्येक व्होल्टमागे १०० ओहम आहे, म्हणजे ३२० व्होल्टला ३२ किलोओहम. चांगल्या पॅकचं रीडिंग यापेक्षा कितीतरी वर, मेगाओहममध्ये असतं. हे काम १००० व्होल्टचे रबरी हातमोजे आणि योग्य मीटर असलेल्या प्रशिक्षित माणसाचंच आहे. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला हाय व्होल्टेजच्या नारंगी वायरींना हात लावू देऊ नका.

विमा कंपनीला कळवून सर्व्हेअर आल्याशिवाय काहीही उघडू द्यायचं नाही. पॉलिसीत ‘बॅटरी’वर ५० टक्के घसारा आहे का, आणि झीरो डेप्रिसिएशनमध्ये (घसारा न कापणारं कव्हर) किंवा वेगळ्या बॅटरी कव्हरमध्ये ट्रॅक्शन बॅटरी, म्हणजे गाडी चालवणारी मोठी बॅटरी, धरली आहे का, ते बघा. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. विमा कंपनीकडे तक्रार करून ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

प्रश्न : चार्ज ७० टक्के, तरी गाडी पूर्ण मेलेली. एका वर्षात छोटी बॅटरी दोनदा बदलली. (मडगाव)

उत्तर : मोठी बॅटरी जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. ती छोटी बॅटरी उतरली की ७० टक्के चार्ज काही उपयोगाचा नाही. दोनदा बदलूनही तेच होत असेल तर बॅटरी बळी आहे, गुन्हेगार दुसराच. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी टर्मिनलवर मापा : १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. मग गाडी ‘रेडी’त (चालू, निघायला तयार) आणून पुन्हा मापा, १३.५ च्या वर गेलेच पाहिजेत. रेडीतही १२.३ वरच अडकले तर डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीतून छोटी चार्ज करणारा भाग) किंवा त्याचा फ्यूज-वायरिंग तपासायला हवं, आणि ते काम गाडीच्या वॉरंटीत मागा. रेडीत १४ येतात पण सकाळी ११.८ असतात, तर गाडी बंद असताना कोणीतरी करंट पितं आहे. कुलूप लावून पाऊण तासानं तो करंट ५० मिलीअँपिअरच्या आत हवा. डॅशकॅम, बाहेरून बसवलेलं जीपीएस, खाऱ्या दमट हवेत गंजलेला अर्थचा पॉइंट, या क्रमानं शोधा.

प्रश्न : पार्ट नाही म्हणून गाडी सात आठवडे डीलरकडे पडून आहे. हप्ते चालू आहेत. कायद्यानं काय करता येतं? (पुणे)

उत्तर : कायद्याआधी गाडीचा जीव वाचवा. पडून राहिलेल्या गाडीची मोठी बॅटरी ४० ते ६० टक्क्यांवर ठेवावी आणि छोटीला दर पंधरवड्याला चार्जर लावावा, असा ईमेल आजच करा. ५ टक्क्यांवर सोडलेली गाडी दोन महिन्यांत नवाच दोष घेऊन परत येते, आणि मग तो कोणाचा यावर वाद होतो. दर आठवड्याला चार्जच्या टक्केवारीचा फोटो मागा.

त्याच ईमेलमध्ये पार्टचा नंबर, ऑर्डर केल्याची तारीख आणि अपेक्षित तारीख विचारा. ऑर्डरची तारीख विचारली की कधीकधी कळतं, ऑर्डर कालच गेली आहे. पंधरा दिवसांची मुदत देऊन डीलर आणि कंपनी दोघांना नोटीस पाठवा, स्पीड पोस्टानं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवून नंबर घ्या.

तरीही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठंही असो. गाडीची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरे. १० ते २० लाखांच्या गाडीसाठी शुल्क ४०० रुपये आहे. वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइन दाखल होते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र चुकवू नका. आमचा सल्ला असा, की ‘गाडीच बदलून द्या’ ही एकच मागणी ठेवू नका. त्यासाठी उत्पादनातला दोष तज्ज्ञाच्या अहवालानं सिद्ध करावा लागतो. सेवेतली त्रुटी तुमच्या जॉब कार्डांवरून आणि ईमेलवरून सिद्ध होते. दुरुस्तीला ठरावीक मुदत, गाडीविना गेलेल्या दिवसांची भरपाई, पर्यायी प्रवासाचा खर्च आणि तेवढ्या दिवसांची वॉरंटीवाढ, अशी मागणी करा. रिक्षा-टॅक्सीच्या पावत्या आतापासून जपा.

सुटे भाग आणि स्कॅनर कंपनीच्या हातातच राहतात, ही तक्रार विजेच्या गाड्यांच्याही आधीची आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४ साली याच कारणावरून १४ कार कंपन्यांना २,५०० कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. त्यावर अपिलं झाली. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्रानं ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन हे एक क्षेत्र आहे. तुमच्या कंपनीनं तिथं काय माहिती दिली आहे, ते एकदा बघा.

प्रश्न : साधी कामं बाहेरच्या गॅरेजात केली तर वॉरंटी जाते का? (अहिल्यानगर)

उत्तर : टायर, अलाइनमेंट, वायपर, एसीचा फिल्टर यांचा बॅटरीच्या वॉरंटीशी संबंध नाही. ब्रेक पॅडही जाणकार गॅरेज बदलू शकतं, बिल जपून ठेवा. कूलंट मात्र बाहेर भरू नका. कंपनीनं सांगितलेलाच लागतो, साधं पाणी तर कधीच नाही. नियमित सर्व्हिसच्या तारखा चुकवू नका, कारण दावा नाकारताना पहिलं बोट तिथंच ठेवलं जातं.

आणि ‘अंडरबॉडी कोटिंग’ कोणीही सुचवलं, अगदी अधिकृत डीलरनंही, तरी बॅटरीच्या खोक्यावर फवारा मारू देऊ नका. तिथं दाब सोडणारी झडप असते, ती बुजते.